खोट्या नावाचे खरे गाव

इंग्लंडच्या नकाशावर एकनफिल्ड नावाचे गाव नाही. तरीही विसाव्या शतकातील इंग्लिश खेड्याविषयी बोलताना ज्या पुस्तकाला वळसा घालून जाता येत नाही, ते याच गावाचे आहे. रोनाल्ड ब्लाइद यांचे 'एकनफिल्ड : पोर्ट्रेट ऑफ ॲन इंग्लिश व्हिलेज' हे पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक काउंटीतले चार्सफिल्ड आणि त्याच्या शेजारचे डेबाक ही त्यामागची खरी गावे. १९६६-६७च्या हिवाळ्यात ब्लाइद सायकलवरून या परिसरात हिंडले. शेतमजूर, लोहार, परिचारिका, घंटावादक, थडगी खोदणारा अशा अनेकांशी बोलले आणि प्रत्येकाचे मनोगत त्याच्याच तोंडून, 'मी' म्हणत मांडले. गावाचे नाव बदलले, माणसांचीही बदलली. मग या पुस्तकाला इतिहास म्हणायचे की ललित लेखन? या प्रश्नावर पुस्तकाची विश्वासार्हता अवलंबून आहे, म्हणून तो बाजूला सारता येत नाही.

ब्लाइद हे गावाकडे सहलीला आलेले शहरी लेखक नव्हते. १९२२ मध्ये सफोकमधल्याच ॲक्टन गावी, शेतमजुरांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढचे शिक्षण त्यांनी वाचनातून मिळवले आणि कोल्चेस्टरच्या ग्रंथालयात काही वर्षे नोकरी केली. विद्यापीठाबाहेर राहून वाचणाऱ्या-टिपणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांच्याविषयी जवळीक वाटते, हे आधीच सांगून टाकतो. पण जवळीक वाटते म्हणून परीक्षण सैल करून चालणार नाही.

पुस्तकाचे मोठे काम असे की, इंग्लिश खेड्याविषयीचे गोड चित्र ते आतून मोडते. गवताळ छपरांची घरे, चर्चचा मनोरा, हिरवळीवरचे क्रिकेट हे चित्र इंग्रजी साहित्यानेच जगभर नेले. त्यातले गाव पाहणाऱ्याचे असते, राबणाऱ्याचे नसते. ब्लाइद यांच्या पुस्तकात सुरुवातीलाच लेनर्ड थॉम्प्सन हा ७१ वर्षांचा शेतमजूर बोलतो. पहिल्या महायुद्धात तो गॅलिपोलीला लढला. पण त्याच्या बोलण्यातली अंगावर येणारी गोष्ट रणांगणाच्याही आधीची आहे. सैन्यात भरती होणे ही त्याला शेतावरून झालेली सुटका वाटली आणि तिथल्या जेवणाने त्याचे वजन वाढले. ज्या शेतावरच्या श्रमांपुढे सैन्याची छावणी सुखाची वाटावी, त्या शेतीविषयी वेगळे भाष्य करण्याची गरज उरत नाही. युद्धावरून परतल्यावर हाच माणूस शेतमजुरांच्या संघटनेचे काम करू लागतो. तेव्हा कष्ट सोसण्यापासून हक्क मागण्यापर्यंतचा गावाचा प्रवास एका आयुष्यात दिसतो. मजुराचे राहते घर शेतमालकाचे असे. काम गेले की छप्परही जाई. हे ठाऊक असले, की गावातली माणसे मालकापुढे इतकी गप्प का राहत, हे कळते.

दुसरीकडे, गावाला बांधून ठेवणाऱ्या गोष्टीही पुस्तकात आहेत. चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांचे प्रकरण त्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ठरावीक नियमांनी क्रम सतत बदलत घंटा वाजवण्याची ही खास इंग्लिश कला. तिथे सुरावटीपेक्षा क्रम महत्त्वाचा. प्रत्येकाने दुसऱ्याच्या घंटेकडे कान लावून आपली वेळ साधायची. गावाचे सामूहिक जीवन म्हणजे नेमके काय, हे या प्रकरणात एखाद्या सिद्धान्ताशिवाय समजते.

आता आक्षेपाकडे. मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या पुस्तकाबद्दल शंका घेतल्या. मूळ बोलणे किती आणि लेखकाची भर किती, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. आक्षेप रास्त आहे. पाठोपाठ चार-पाच मनोगते वाचली की जाणवते, वेगवेगळ्या वयांच्या आणि धंद्यांच्या माणसांची वाक्ये एकाच लयीत उतरतात. सगळेच नेमक्या प्रतिमेत बोलतात, योग्य जागी थांबतात. माणसे खऱ्या बोलण्यात अशी थांबत नाहीत. याउलट गावच्या शाळेच्या दप्तरातल्या नोंदी पाहाव्यात. मुले शेतातले दगड वेचायला किंवा सुगीला गेल्यामुळे गैरहजर, एवढेच कोरडेपणाने लिहिलेले. त्या कोरड्या भाषेशेजारी मनोगतांवरून फिरलेला लेखकाचा हात स्पष्ट दिसतो. शिवाय बायकांचे बोलणे पुरुषांच्या मानाने फार थोडे आहे. हीही निवड लेखकाचीच.

याच सफोकमध्ये जॉर्ज युअर्ट एव्हन्स यांनी १९५६ मध्ये 'आस्क द फेलोज हू कट द हे' हे पुस्तक लिहिले होते. एव्हन्स मूळचे वेल्सचे. ब्लॅक्सहॉल गावी राहायला आल्यावर शेजारच्या म्हाताऱ्यांकडून त्यांनी मेंढपाळी, कापणी, अवजारे, बोलीतले शब्द समजून घेतले. त्यांनी गावाचे नाव लपवले नाही. अवजार कसे धरायचे, कापणीचा करार कसा व्हायचा, हे जाणून घ्यायला मी एव्हन्सकडे वळतो. पण मालकाविषयीचा राग, घरातले दारिद्र्य, मरणाची भीती हे सारे ब्लाइद यांच्याकडेच जास्त उघडपणे येते. माझ्या मते याचा संबंध बदललेल्या नावाशी आहे. तीनशे-चारशे वस्तीच्या गावात ज्याच्या घरात राहायचे त्याच्याविषयी खरे बोलायचे, तर आडोसा लागतो. खोटे नाव हा तो आडोसा. म्हणून नावे बदलण्याला मी दोष देणार नाही. दोष आहे तो आवाज घासूनपुसून सारखे केल्याचा, आणि कुठे काय बदलले ते न सांगितल्याचा.

हा फरक १९७४च्या 'एकनफिल्ड' चित्रपटाने नकळत दाखवून दिला. दिग्दर्शक पीटर हॉल हेही सफोकचेच. त्यांनी व्यावसायिक नटांऐवजी स्थानिक माणसे घेतली. ब्लाइद यांनी कथानकाचा आराखडा दिला. संवाद लिहिलेले नव्हते, माणसे आपापल्या बोलीत आयत्या वेळी बोलली. म्हणजे चित्रपटातली गोष्ट रचलेली, पण आवाज गावाचा. पुस्तकातली आयुष्ये गावाची, पण आवाज बराचसा लेखकाचा. पुस्तक वाचून झाल्यावर चित्रपट पाहावा तो यासाठी. अडखळणारी, अर्धवट सोडलेली वाक्ये तिथे ऐकू येतात.

मराठी वाचकाला इथे त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५चा 'गावगाडा' आठवेल. महसूल खात्यातल्या अनुभवातून लिहिलेल्या त्या ग्रंथात कुणबी, बलुतेदार, वतनदार यांचे व्यवहार बारकाईने येतात, पण गाव दिसते ते मुख्यतः लेखकाच्या निवेदनातून. तिथे कोण बोलतो आहे याविषयी संभ्रम नाही. ब्लाइद यांनी राबणाऱ्याला 'मी' म्हणू दिले, हे पुढचे पाऊल होते. मात्र त्या 'मी'मागे लेखक लपला, ही त्या पावलाची किंमत.

आपल्याकडे गावोगावचे हौशी संशोधक आज म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी टिपत आहेत. मोबाइलमुळे ध्वनिमुद्रण सोपे झाले आहे. अवघड आहे ते छापताना हात आवरणे. त्यांनी 'एकनफिल्ड' जरूर वाचावे. माणसाला दुःखाविषयी विचारावे कसे, आणि त्याला बोलते करून आपण गप्प बसावे कसे, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. पण छापताना मूळ मुद्रण जपून ठेवावे, काय गाळले आणि काय जुळवले ते प्रस्तावनेत सांगावे, आणि बोलीतले वाक्य वेडेवाकडे असेल तर ते तसेच राहू द्यावे. ब्लाइद २०२३ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी गेले, आणि त्यांच्याशी बोललेली म्हातारी पिढी त्याच्या कितीतरी आधी. त्यांचे मूळ शब्द कसे होते, हे विचारायला आता कोणाकडे जायचे?