शेवटचा अंतरा कुठे गेला?

एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या बजाजनगरात दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि पत्र्याची घरे रात्री दहापर्यंत तापलेली राहतात. त्यामुळे संध्याकाळ झाली की सारी वसाहत बाहेर येते. मोकळ्या मैदानावर निळी कनात लागते, सतरंज्या अंथरल्या जातात, पुढे लेकरे, मागे बाया, कडेला दुचाकीवर बसलेले तरुण. मंचावर हार्मोनियमवाला पट्टी धरतो, ढोलकीवर थाप पडते आणि भीमगीतांचा कार्यक्रम सुरू होतो. ११ एप्रिलची फुले जयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आणि तिथून थेट वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेपर्यंत हा उत्सव चालतो. नावाजलेला गायक एका रात्री एकाच गावी जाऊ शकतो, म्हणून गावे त्याच्या तारखेप्रमाणे जयंती पुढे ढकलतात. माझ्या मते महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा उघड्यावरचा उन्हाळी संगीतोत्सव आहे. त्याला तिकीट नाही, आणि संगीतसमीक्षेच्या पानांवर त्याला जागाही नाही. ही उपेक्षा मला सलते. पण त्याहून एक गोष्ट अधिक सलते, ती या कलेच्या घरातलीच आहे.

बजाजनगर हे या उत्सवासाठी नैसर्गिक ठिकाण आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती ही वसाहत वाढली. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाणा अशा ठिकाणांहून माणसे आली आणि येताना आपापल्या गावची गाणी घेऊन आली. शिवाय छत्रपती संभाजीनगर हे शहर आंबेडकरी चळवळीचे आहे. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेने इथे मिलिंद महाविद्यालय काढले. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधल्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यातल्या वस्त्यांनी मार खाल्ला, घरे जळताना पाहिली आणि गाणी रचली. आजही दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या दाराशी ती गाणी ऐकू येतात.

या गाण्याची वंशावळ जलशाची आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा उचलला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी त्यात बाबासाहेबांचा विचार भरला. देवाचे स्तवन आणि शृंगार बाजूला सारून सवालजवाब आणि बतावणीतून त्यांनी शिक्षण, पाणवठा, सावकारी, व्यसन हे विषय लोकांपुढे मांडले. दहा सभांचे काम एक जलसा करतो असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण जुने जलसाकार सांगत आले. म्हणजे हे गाणे जन्मापासूनच युक्तिवादाचे गाणे आहे. त्याला आरंभ, मध्य आणि निष्कर्ष असतो.

वामनदादा कर्डकांनी या निष्कर्षाला घर दिले. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या, मोठेपणी अक्षरे शिकलेल्या या माणसाने हजारो गाणी लिहिली. त्यांच्या गाण्याची रचना पाहावी. ध्रुवपद साधे, कोणालाही पहिल्याच ऐकण्यात उचलता येणारे. पहिला अंतरा ओळखीच्या गोष्टीने सुरू होतो, दुसरा ती गोष्ट उलगडतो आणि शेवटचा आपल्याला प्रश्न विचारतो किंवा जबाबदारी देतो. तिथेच ‘वामन’ ही नाममुद्रा येते. अभंगात तुकोबांचे नाव येते ते जसे नुसत्या सहीसाठी नसते, तसेच हे आहे. हे मी बोलतो आहे, याचा हिशेब माझ्याकडे मागा, असे कवी त्या जागी सांगत असतो.

आज बजाजनगरच्या मैदानावर नेमका हाच अंतरा गळतो आहे.

गेल्या काही वर्षांत मी जे कार्यक्रम ऐकले त्यांत चार अंतऱ्यांचे गाणे दोन अंतऱ्यांवर थांबताना वारंवार पाहिले. दुसरा अंतरा संपला की निवेदक माईक घेतो. बक्षीस देणाऱ्यांची नावे वाचली जातात, पाहुण्यांचा सत्कार होतो, मग पुढची फर्माईश. मिरवणुकीत तर ध्रुवपदाचीच आवर्तने होतात, कारण नाचायला तेवढे पुरते. एकदा एका वयस्क गायकाने शेवटच्या अंतऱ्यासाठी आवाज लावला आणि मागून कोणीतरी ‘पुढचं घ्या’ असे ओरडले. गायक थांबला, हसला आणि पेटीवाल्याकडे वळून पुढच्या गाण्याचा सूर मागू लागला. त्या रात्री कवीचे नाव उच्चारलेच गेले नाही. असे शेकडो रात्री घडले की लोकांना गाणे पाठ राहते आणि कवी पुसला जातो. आपल्याकडे किती तरी भीमगीते केवळ गायकाच्या नावाने ओळखली जातात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

गायकांच्या गुणवत्तेत तूट नाही, हे आधी स्पष्ट म्हणायला हवे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज मोकळ्या मैदानासाठीच घडलेला होता. वरच्या पट्टीत तो फाटत नसे आणि शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचत. वामनदादा गेले १५ मे २००४ रोजी आणि पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदेही गेले. एकाच उन्हाळ्याच्या अखेरीस मोठा कवी आणि मोठा गळा दोन्ही हरपले. आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी तो ठसका आणि ती लयीची पकड पुढे नेली. आदर्श शिंदे यांच्या आवाजाने ती चित्रपटांपर्यंत नेली. विठ्ठल उमप यांनी गाण्याला नाट्य दिले. ते एका ओळीत तीन माणसे उभी करीत. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच त्यांचा अंत झाला. वामनदादांचे शिष्य प्रतापसिंग बोदडे यांनी लिहिणे आणि गाणे एकाच गळ्यात ठेवले. संभाजी भगत यांनी शाहिरीचा प्रश्नार्थक स्वर नाटकात आणि ‘कोर्ट’ चित्रपटात नेऊन तो नव्या श्रोत्यांपुढे उभा केला.

आणि याच शहराच्या कडूबाई खरात. दारोदार एकतारीवर गाणाऱ्या या बाईंचा आवाज मोबाइलवरून महाराष्ट्रभर गेला. साथीला एक तार, पण त्या एका तारेने शब्दाला मोकळी जागा दिली. मराठवाड्यातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांचे वळण त्यांच्या गाण्यात ऐकू येते. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड संकलन केले, त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. भीमगीताचा हा बायकांचा झरा मंचापेक्षा जुना आणि खोल आहे. पण जयंतीच्या कार्यक्रमात बायका बहुतेक वेळा कोरसमध्ये किंवा गायक-गायिकेच्या सामन्यातली दुसरी बाजू म्हणून दिसतात. संपूर्ण रात्र एका गायिकेच्या नावावर सोपवणारी मंडळे मला फार थोडी दिसली.

चित्रपटाच्या तर्जेवर लिहिण्याबद्दल नेहमी तक्रार होते. ती मला पटत नाही. वामनदादांनी १९४३ मध्ये पहिले गीत लिहिले तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. ओळखीची चाल ही ऐकणाऱ्याच्या दाराची कडी असते. ती काढल्यावर आत काय न्यायचे हा खरा प्रश्न. आजच्या अनेक नव्या गाण्यांत चाल आहे, जयघोष आहे, निळ्या झेंड्याचे आणि गाडीच्या रुबाबाचे वर्णन आहे, पण कंत्राटी कामगार नाही, बंद पडलेली शिष्यवृत्ती नाही, पाण्याच्या टँकरची रांग नाही. बजाजनगरात ज्यांच्यासमोर हे गाणे होते त्यांतल्या कितीतरी जणांचे आयुष्य याच तीन गोष्टींभोवती फिरते. अमरावतीचा विपिन ताताड किंवा तमिळनाडूचा अरिवू यांच्या रॅपमध्ये असा रोजचा तपशील सापडतो, म्हणून तरुण तिकडे वळतात.

दुसरी अडचण आवाजाची. शब्दाचा अर्थ व्यंजनांवर उभा असतो आणि ती नाजूक असतात. डीजेच्या भिंतीतून येणारा खर्जाचा धक्का त्यांना गिळतो. श्रोत्याच्या छातीला लय कळते, कानाला वाक्य कळत नाही. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे. तिची चर्चा पोलिसांच्या नोटिशीपुरती होते. मला ती कलेची बाब वाटते. कमी आवाजात, नीट लावलेल्या कर्ण्यांवर विचाराचे गाणे अधिक दूर जाते.

वेळेचा प्रश्नही इथे खास आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट. म्हणजे दुसऱ्या पाळीचा कामगार कंपनीच्या बसमधून उतरतो तेव्हा कार्यक्रम उठलेला असतो. ज्याच्या वर्गणीवर मंच उभा राहिला तोच गाण्याला मुकतो. त्याच्यासाठी सुटीच्या दिवशी पहाटे साडेसहाला बैठक का होऊ नये? उन्हाळ्यात तीच सर्वांत गार वेळ आहे. एक पेटी, एक ढोलकी आणि अर्धे मैदान एवढ्यावर ती होईल.

१९६३ च्या जुलैमध्ये अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत उत्सवात उघड्या मंचावर फ्रीडम सिंगर्स उभे राहिले, तेव्हा दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीची गाणी त्या उत्सवाच्या केंद्रस्थानी आली. ती गाणी आज अभ्यासली जातात, कारण कोणी ती शब्दांसह जपली. आपल्या मंडळांनाही हे अशक्य नाही. गायकाची सुपारी देताना दोनच अटी घालाव्यात. प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव सांगावे आणि निदान तीन गाणी शेवटच्या अंतऱ्यासह गावीत. सत्कार गाण्यांच्या मध्ये नको, आधी उरकावेत. वर्गणीच्या पावतीच्या मागे एका गाण्याचे शब्द, कवीच्या संमतीने, छापावेत. खर्च काहीच नाही.

गेल्या एप्रिलमध्ये एका कार्यक्रमात वीज गेली. कर्णे मुके झाले. गायकाने मंचावरून खाली उतरून सतरंजीवर बसकण मारली, ढोलकीवाला शेजारी आला आणि नुसत्या गळ्यावर वामनदादांचे गाणे पुढे सुरू झाले. निवेदकाला माईक नव्हता, म्हणून कोणी मध्ये आले नाही. तिसरा अंतरा झाला, चौथा आला. नाममुद्रेची ओळ आली तेव्हा मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी ती गायकाच्या आधी म्हटली. त्यांना ती पाठ होती. इतकी वर्षे त्यांच्यापर्यंत गाणे पूर्ण पोहोचत होते, आता थांबले आहे ते आपण थांबवले म्हणून.