बुद्धिबळप्रेरित कोडे-खेळ आणि खेळाडूंचे अभिप्राय : ‘विश्रांती’ या संकल्पनेचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

संगणकीय खेळ म्हटला की वेग, आवाज आणि चढाओढ यांचे चित्र सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर उभे राहते. या समजाला छेद देणारा एक लहानसा खेळप्रकार गेल्या काही वर्षांत स्थिरावला आहे. मोजके रंग, संथ संगीत, अल्प किंमत आणि एकट्याने सोडवायची कोडी ही त्याची बाह्य लक्षणे होत. बुद्धिबळाचा पट, मोहरे आणि चाली उसन्या घेऊन प्रतिस्पर्ध्याविना सोडवावयाची कोडी रचणारे खेळ याच प्रकारात मोडतात. मिनिमोल गेम्स या निर्मात्यांचा ‘नाइट स्वॅप’ हा त्याचा एक नेटका नमुना आहे. पटावर पांढरे आणि काळे घोडे असतात. बुद्धिबळातील अडीच घरांच्या चालीनेच त्यांना हलवून परस्परांच्या जागी नेऊन ठेवावयाचे, एवढेच या खेळातील कार्य आहे.

अशा खेळांविषयी खेळाडू जे अभिप्राय नोंदवितात, त्यांत तीन प्रकारची विधाने पुनःपुन्हा आढळतात. पहिले, हा खेळ मनाला विश्रांती देतो. दुसरे, तो सोपा किंवा एकसुरी आहे. तिसरे, हे बुद्धिबळ नव्हे. ही विधाने परस्परविरोधी भासतात आणि ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे म्हणून त्यांची बोळवण करणे सोपे असते. तथापि, ही तिन्ही विधाने एकाच उगमातून निघतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. तो उगम खेळाडूच्या स्वभावात नसून खेळाच्या नियमरचनेत आहे.

अभिप्रायाचे माध्यम आणि त्याच्या मर्यादा

कोणत्याही प्रतिसादाचे वाचन करताना तो कोणत्या चौकटीत नोंदविला गेला, हे प्रथम पाहावे लागते. ‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या विक्रीव्यवस्थेवर २०१३ पासून ग्राहकांना अभिप्राय लिहिता येतात. तेथे प्रत्येकाला ‘शिफारस करतो’ किंवा ‘शिफारस करीत नाही’ यांपैकी एकच पर्याय निवडावा लागतो आणि अभिप्रायाशेजारी त्या व्यक्तीने खेळात घालविलेले तास दर्शविले जातात. २०१४ पासून खेळाला वर्णनपर शब्द जोडण्याचीही मुभा ग्राहकांना मिळाली. ‘रिलॅक्सिंग’ हा अशाच शब्दांपैकी एक होय.

या चौकटीचे दोन परिणाम संभवतात. ‘खेळ चांगला आहे, पण पहिल्या काही कोड्यांनंतर त्यात नवे काही उरत नाही’ अशा आशयाचे मत होकार आणि नकार यांच्यामध्ये पडते. त्याला एका बाजूला ढकलल्याखेरीज नोंदविता येत नाही. दुसरे असे की, तासांचा आकडा खेळण्याचा अवधी सांगतो, विचाराची प्रत सांगत नाही. कोडे कागदावर आकृती काढून सोडविणारा खेळाडू आणि बोटांना सुचेल तसे घोडे फिरवीत बसणारा खेळाडू यांचे तास सारखे असू शकतात, अनुभव मात्र सर्वस्वी भिन्न असतो. म्हणून अभिप्रायांची बेरीज करून गुणवत्तेचा निवाडा करण्यापेक्षा ज्या रचनेला उद्देशून ते व्यक्त झाले, ती रचना तपासणे अधिक फलदायी ठरते.

प्रतिस्पर्ध्याविना बुद्धिबळ : पूर्वपीठिका

पटावर एकट्याने करावयाची कसरत ही संगणकाची देणगी नव्हे. नवव्या शतकातील काश्मीरचा साहित्यशास्त्रज्ञ रुद्रट याने ‘काव्यालंकार’ या ग्रंथात घोड्याच्या चालीवर आधारलेला चित्रबंध दिला आहे. त्यातील अक्षरे सरळ वाचली काय किंवा घोड्याच्या चालीने वाचली काय, श्लोक तोच मिळतो. घोड्याने पटावरील प्रत्येक घराला एकदाच भेट द्यावी, या कोड्याचा गणिती अभ्यास ऑयलर याने १७५९ मध्ये केला.

‘नाइट स्वॅप’ची मूळ कल्पनाही अशीच जुनी आहे. तीन गुणिले तीन घरांच्या पटाच्या चार कोपऱ्यांत दोन पांढरे व दोन काळे घोडे ठेवून त्यांची अदलाबदल करावयाची, हे कोडे पाओलो ग्वारिनी याच्या नावे ओळखले जाते. ते १५१२ चे आहे. म्हणजेच, आज ‘नवा, शांत, संगणकीय’ म्हणून ज्याचे स्वागत होते, त्याचा गाभा पाच शतकांपूर्वीचा आहे. नवे आहे ते त्याला लाभलेले वर्णन. रुद्रटाच्या श्लोकाकडे पांडित्याचे कसब म्हणून पाहिले गेले आणि ऑयलरच्या कोड्याकडे गणिताचा विषय म्हणून. तशाच रचनेला आज ‘विश्रांती’ म्हटले जाते. हा बदल का घडला, याचे उत्तर नियमांत शोधावे लागते.

तीन वजाबाक्या

रोझे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्ये खेळांचे वर्गीकरण मांडताना स्पर्धेचा आनंद आणि स्वेच्छेने स्वीकारलेल्या अडथळ्यावर मात करण्याचा आनंद यांत भेद केला. दुसऱ्या प्रकारात खेळाडूचा सामना माणसाशी नसून अडथळ्याशी असतो. बुद्धिबळप्रेरित कोडी या दुसऱ्या प्रकारात येतात. तथापि, बुद्धिबळातून नेमके काय वजा केले, यानुसार त्यांच्यात श्रेणी करता येतात.

पहिली वजाबाकी प्रतिस्पर्ध्याची. ‘पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात’ यासारख्या पारंपरिक समस्येत प्रतिस्पर्धी समोर बसलेला नसला, तरी त्याचे प्रत्येक उत्तर सोडविणाऱ्याला स्वतःच शोधावे लागते. तेथे तो अदृश्य रूपाने हजर असतो. चेस डॉट कॉम या संस्थळावरील ‘सोलो चेस’मध्ये तो पूर्णपणे नाहीसा होतो. तेथे प्रत्येक चालीने एक मोहरा मारावाच लागतो, कोणताही मोहरा दोनदाहून अधिक मारू शकत नाही आणि पटावर राजा असल्यास शेवटी तोच उरावा लागतो.

दुसरी वजाबाकी मारण्याची. ‘नाइट स्वॅप’मध्ये कोणताही मोहरा पटावरून जात नाही. हल्ला आणि बचाव हे बुद्धिबळातील मोहऱ्यांचे मूलभूत नातेच येथे संपते आणि केवळ हालचाल उरते.

तिसरी वजाबाकी सर्वांत कमी लक्षात येणारी, परंतु सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे अपरिवर्तनीयतेची. ‘सोलो चेस’मध्ये मारलेला मोहरा परत येत नाही, एक चुकीची चाल संपूर्ण मांडणी निकामी करते. ऑयलरच्या कोड्यात भेट दिलेले घर पुन्हा वापरता येत नाही. चुकीच्या वाटेने गेलेला घोडा अखेर कोंडीत सापडतो. घोड्यांच्या अदलाबदलीत मात्र प्रत्येक चाल उलट करता येते. ज्या घरातून घोडा आला, ते घर त्याच क्षणी रिकामे झालेले असते आणि तो नियमानुसारच तेथे परत जाऊ शकतो. परिणामी, सुटणाऱ्या कोड्यात कितीही भरकटले तरी हरलेली स्थिती म्हणून काही निर्माणच होत नाही.

खेळाडू ज्याला विश्रांती म्हणतात, तिचे खरे मूळ येथे आहे. संगीत आणि रंगसंगती या विश्रांतीला पोषक ठरतात. पण तेच संगीत ‘सोलो चेस’सारख्या कोड्याला लावले, तर चुकीच्या चालीचे भय त्यामुळे नाहीसे होणार नाही. येस्पर यूल या अभ्यासकाने २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असा विरोधाभास मांडला आहे की, माणूस एरवी अपयश टाळतो, परंतु ज्यात अपयश येण्याची शक्यता असते, असे खेळ मात्र आपणहून शोधतो. घोड्यांच्या अदलाबदलीत अपयशाची जागा केवळ विलंब घेतो. येथे कोणी हरत नाही. फार तर अजून जिंकलेला नसतो.

एकसुरीपणाचा आक्षेप

ज्या रचनेमुळे विश्रांती मिळते, तिच्यातूनच दुसरा अभिप्राय जन्म घेतो. ग्वारिनीच्या मूळ कोड्यात मधल्या घरात घोडा पोहोचूच शकत नाही. उरलेल्या आठ घरांपैकी प्रत्येक घरातून बरोबर दोनच घरांत जाता येते. ही आठ घरे त्या क्रमाने जोडली, तर त्यांचे एक कडे तयार होते. हेन्री ड्यूडनी या इंग्रज कोडेकाराने १९१७ च्या आपल्या ग्रंथात घरांना गुंड्या आणि चालींना दोरा मानून अशी गुंतागुंत उलगडण्याची युक्ती दिली आहे. ती वापरली की संपूर्ण पट डोळ्यांपुढे मोकळा होतो. बुद्धिबळात इतरांवरून उडी घेणारा एकमेव मोहरा म्हणजे घोडा. पण या कड्यावर त्याला शेजारच्या घोड्याला ओलांडता येत नाही. क्रम बदलता येत नसल्याने चारही घोड्यांना एकाच दिशेने अर्धा फेरा घ्यावा लागतो. प्रत्येकाच्या चार, अशा एकूण सोळा चाली होतात आणि प्रत्येक घोडा समोरासमोरच्या कोपऱ्यात पोहोचतो.

हे कडे दिसण्याचा क्षण हाच या कोड्यातील बौद्धिक आनंदाचा क्षण होय. त्यानंतर उरते ते सोळा चालींचे यांत्रिक काम. हे काम काहींना जप किंवा विणकामासारखे निवांत वाटते, तर काहींना निरर्थक. पहिला खेळाडू ‘शांत’ लिहितो, दुसरा ‘एकसुरी’ लिहितो. दोघेही त्याच सोळा चालींविषयी बोलत असतात.

मात्र, हा आक्षेप सर्व मांडण्यांना सारखा लागू पडत नाही. पटाचा आकार बदलला आणि एखाद्या घरातून तीन दिशांना वाट फुटली, तर एका घोड्याला बाजूला थांबवून दुसऱ्याला पुढे काढता येते. एकेरी मार्गाच्या कोकण रेल्वेवर समोरची गाडी जाईपर्यंत एक गाडी स्थानकातील बाजूच्या रुळावर थांबते, तसाच हा प्रकार आहे. येथे कोणाला आधी थांबवावे, किती वेळ थांबवावे, याचे नियोजन लागते आणि कोड्याला खरी खोली येते. म्हणून अशा खेळाची समीक्षा करताना कोड्यांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांपैकी किती कोडी केवळ फेरा मारण्याची आहेत आणि किती वाट देण्याची आहेत, हे पाहणे आवश्यक ठरते. ‘सोपा’ किंवा ‘कठीण’ या शब्दांत हा भेद मावत नाही.

‘हे बुद्धिबळ नव्हे’

तिसरा अभिप्राय बहुधा बुद्धिबळ जाणणाऱ्या खेळाडूकडून येतो. हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. वाचक कलाकृतीकडे पूर्वपरिचित प्रकारांच्या अपेक्षा घेऊन येतो आणि कृतीचे मूल्य त्या अपेक्षांशी होणाऱ्या भेटीत ठरते. ‘बुद्धिबळप्रेरित’ हा शब्द वाचताच जाणकाराच्या मनात प्रत्युत्तराची अपेक्षा जागी होते. ‘मी असे खेळलो, तर तो काय करील?’ हा प्रश्न बुद्धिबळातील विचाराचा प्राण आहे. घोड्यांच्या अदलाबदलीत या प्रश्नाला जागाच नाही. त्या अर्थाने जाणकाराचा आक्षेप वस्तुतः बरोबर आहे.

परंतु वर्णन म्हणून बरोबर असलेले हे विधान दोष म्हणून स्वीकारता येत नाही. रुद्रटाचा चित्रबंधही बुद्धिबळ नव्हता. घोड्याची चाल त्याने शब्दरचनेचे बंधन म्हणून वापरली. बुद्धिबळाची ओळख नसलेल्या खेळाडूला या खेळांतून घोड्याची चाल हाताला बसते, हा लाभ निश्चितच आहे. तथापि, त्यावरून बुद्धिबळातील विचारशक्ती वाढते असे म्हणणे मात्र अतिव्याप्त ठरेल. कारण ज्या प्रत्युत्तरावर ती विचारशक्ती पोसली जाते, ते येथे वजा झालेले असते. महाविद्यालयीन उपक्रमांत अशा खेळांची निवड करताना हा विवेक बाळगणे इष्ट होय. चालीचा परिचय, मार्गांच्या जाळ्याची गणिती कल्पना आणि स्पर्धेतील निर्णयक्षमता ही तीन भिन्न उद्दिष्टे आहेत. ग्वारिनीच्या कोड्याने पहिली दोन साधतात, तिसरे साधत नाही.

समारोप

खेळाडूंचे अभिप्राय हे समीक्षेचे कच्चे साधन आहे. ते समीक्षेची जागा घेऊ शकत नाहीत आणि दुर्लक्षणीयही नाहीत. विश्रांती, एकसुरीपणा आणि बुद्धिबळाचा अभाव ही तिन्ही निरीक्षणे खरी आहेत. प्रतिस्पर्धी, मारणे आणि अपरिवर्तनीयता यांच्या वजाबाकीतून तिन्ही एकाच वेळी निष्पन्न होतात. यावरून असेही दिसून येते की, विश्रांती ही खेळाला वरून दिलेली सजावट नसून तिची किंमत नियमांत मोजावी लागते. चुकीचे भय गेले की अचूकतेचे मोलही काही अंशी जाते. उत्तम कोडेकार ही हानी अन्य मार्गाने, म्हणजे पटाच्या घाटातून आणि वाट देण्याच्या नियोजनातून, भरून काढतो. हे त्याला कितपत साधले, हाच अशा खेळाच्या मूल्यमापनाचा निकष ठरावा. होकार किंवा नकार एवढीच मुभा असलेल्या चौकटीत या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी पटाकडेच परतावे लागते.