'मेटवान'मधली यादी आणि न दिसलेली खिडकी

मागच्या वेळी आपण जॉन सेल्सचा 'मेटवान' पाहिला, १९८७चा. त्यातल्या एकाच प्रसंगाबद्दल आज आम्हाला बोलायचंय, कारण चर्चेत बहुतेकांनी त्याचंच कौतुक केलं. वेस्ट व्हर्जिनिया, १९२०. बाहेरून आणलेल्या काळ्या खाणमजुरांना कंपनीचा माणूस यादी ऐकवतो: गाडीभाडं कापणार, अवजारांचे पैसे कापणार, आणि पगार कंपनीच्या 'स्क्रिप'मध्ये. ते चालणार कंपनीच्याच दुकानात.

प्रसंग उत्तमच आहे. पण तो पाहून आपण एक समजूत घेऊन घरी जातो, की दुकानातले चढे भाव हीच काय ती लूट. आम्हाला ती अपुरी वाटते.

स्क्रिप म्हणजे बऱ्याच ठिकाणी धातूचा बिल्ला, त्यावर कंपनीचं नाव. पण तो बहुधा पगाराच्या दिवशी नव्हे, त्याच्या आधी मिळायचा. कोळसा रोज निघतोय, पगार मात्र पंधरवड्याने नाहीतर महिन्याने. म्हणजे बघा, तेवढे दिवस मजुरानेच कंपनीला आपली मजुरी उधार दिलेली असते. मध्येच घरातलं पीठ संपलं की तो खिडकीशी जातो, आणि स्वतःच्याच कमाईतले दोन डॉलर त्याला बिल्ल्यांत मिळतात. वहीत नोंद होते ती त्याच्या नावावर! आपल्याकडचा ऊसतोड कामगार उचल घेतो ती कामाआधी. ही उचल काम झाल्यानंतरची. खरा धनको होता तो ऋणको ठरला. रोकडच हवी तर बिल्ला कमी किमतीत विकायचा. मग पगाराच्या दिवशी हातात काय उरणार?

न्यायालयंही याच उलट्या वहीतून वाचत होती. पेनसिल्व्हेनियाने मजुरी रोख देण्याचा कायदा केला, तर १८८६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. का, तर असा कायदा मजुराचाच अपमान करतो, त्याचं कराराचं स्वातंत्र्य हिरावतो. (केवढा हा मान!) १९०१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीचा, दुकानाच्या चिठ्ठ्या रोखीत वटवून देण्याचा कायदा उचलून धरला खरा, स्क्रिप मात्र त्यानंतरही अनेक वर्षं चाललं.

यादी ऐकवता येते, म्हणून ती पडद्यावर सहज येते. वाट पाहणं दाखवायला अवघड. पगाराला दहा दिवस बाकी असताना त्या खिडकीपुढे लागलेली रांग, आणि पलीकडे वही उघडणारा कारकून, एवढं सेल्सने आणखी दाखवायला हवं होतं.