एका आयएसओ फाईलचा श्लेष

लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं म्हणून आपण डेबियनची आयएसओ फाईल उतरवून घेतो, पेन ड्राइव्हवर चढवतो आणि मोकळे होतो. रसिकाने मात्र ती एकदा हेक्स एडिटरमध्ये उघडून पाहावी. दिसायला ती सीडीची प्रतिमा, पण घडण श्लेषकाव्याची. कविराजाच्या ‘राघवपांडवीया’त त्याच श्लोकांतून रामाची कथा निघते आणि पांडवांचीही. इथे त्याच बाइट्समधून जुना बायोस, नवा यूईएफआय, सीडी ड्राइव्ह आणि यूएसबी पोर्ट आपापला अर्थ काढून घेतात, आणि कुणाचा अर्थ कुणाच्या आड येत नाही.

या साऱ्याला वाव मिळाला तो एका रिकाम्या जागेमुळे. सीडीची मांडणी ठरवणाऱ्या आयएसओ ९६६० या १९८८च्या मानकाने सुरुवातीचे १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, स्वतःसाठी वापरलेच नाहीत. यंत्राला हवं तर त्याने वापरावेत, म्हणून सोडून दिले. पुढे सुमारे वीस वर्षांनी एच. पीटर अँविन यांच्या सिसलिनक्स प्रकल्पातल्या ‘आयसोहायब्रिड’ने त्या कोऱ्या जागेत हार्ड डिस्कचा बूट सेक्टर नेऊन बसवला. सीडी ड्राइव्हवरून बूट होताना तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. यूएसबीवरून बूट करणारा बायोस मात्र आधी तेच ५१२ बाइट उचलतो आणि त्यांच्या शेवटी ५५ एए ही खूण शोधतो. ही खूण बायनरीत लिहून बघा: ०१०१०१०११०१०१०१०. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच! विलोमाची हौस आपल्या पंडित कवींनाच होती असं नाही.

पण माझ्या मते खरी करामत पहिल्या काही बाइट्सची आहे. मॅकलाही चालाव्यात म्हणून घडवलेल्या प्रतिमांत फाईलचा आरंभच ४५ ५२ ०८ ०० असा होतो. जुनी अ‍ॅपल मांडणी जाणणारं यंत्र पहिल्या दोन बाइट्समध्ये आपली ‘ईआर’ ही सही वाचतं, पुढच्या दोहोंत ब्लॉकचा आकार, २०४८. इंटेलचा प्रोसेसर ‘ईआर’चे हेच दोन बाइट आज्ञा म्हणून चालवतो: एका रजिस्टरमध्ये एक मिळव, दुसरं स्टॅकवर ठेव. या आज्ञांतून साधत काहीच नाही, पण अडतही नाही. तो पार होऊन खऱ्या कामाला लागतो. एकाची सही ती दुसऱ्याची निरुपद्रवी हालचाल. इतका घट्ट श्लेष मी तरी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

सीडीवरून बूट होण्याची वाट वेगळी. फीनिक्स आणि आयबीएमने १९९५ साली आखलेल्या त्या पद्धतीचं नाव ‘एल टोरिटो’. कॅलिफोर्नियातल्या ज्या उपाहारगृहात ती सुचली म्हणतात, त्याचंच हे नाव. तिच्या छोट्याशा यादीत एक नोंद बायोससाठी, एक यूईएफआयसाठी. यूईएफआयची नोंद ज्या फॅट प्रतिमेकडे बोट दाखवते, तिच्याकडेच बूट सेक्टरमधली विभाजन-सारणीही बोट दाखवते. प्रत एकच, दारं दोन. जागेची केवढी ही काटकसर!

एवढं ध्यानात आलं की पेन ड्राइव्ह बनवण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट केली तर ती ड्राइव्हवर एक फाईल म्हणून पडून राहते आणि तिचा पहिला सेक्टर ड्राइव्हचा पहिला सेक्टर होत नाही. म्हणून फाईल बाइट-दर-बाइट उतरवणाऱ्या ‘डीडी’ या आज्ञेला पत्ता द्यायचा तो अख्ख्या ड्राइव्हचा, समजा एसडीबीचा, त्यातल्या एसडीबी१ या विभागाचा नव्हे. शेवटी तो एक आकडा चुकून लिहिला गेला की सगळी रचना ठराविक अंतराने पुढे सरकते आणि बायोसला ओळीचा आरंभच सापडत नाही. (अक्षर चुकलं तर त्याहून वाईट: डीडी काही न विचारता भलतीच डिस्क पुसून टाकतो.) आधी फाईलच्या एसएचए२५६ या ठशाचे ६४ अंक प्रसिद्ध केलेल्या यादीशी ताडून घ्यावेत, हे वेगळं सांगायला नको.

लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू झाला की मेनूत ग्राफिकल इन्स्टॉल निवडा. भाषांच्या यादीत तिथे मराठी आहे. साध्या मजकुरी पडद्याला आपली जोडाक्षरं पेलत नाहीत.