नावावरून धर्म ओळखणारे शहर

अ‍ॅना बर्न्स यांच्या ‘मिल्कमन’ या कादंबरीला २०१८ साली बुकर पारितोषिक मिळाले. पहिल्या वाचनात मी वैतागलो. नायिकेला नाव नाही, शहरालाही नाही. ही प्रस्थापितांची आणखी एक शैलीची हौस, असे मला वाटले. माझी चूक झाली. उत्तर आयर्लंडमध्ये नावावरून माणूस कॅथलिक की प्रॉटेस्टंट हे बहुधा कळते. नाही कळले तर शाळेवरून, ‘एच’ या अक्षराच्या उच्चारावरून कळते. आडनाव विचारून खोली नाकारणाऱ्या घरमालकापुढे जो उभा राहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागू नये.

अठरा वर्षांच्या या मुलीच्या मागे तिच्याच वस्तीतला, तिच्याच धर्माचा एक विवाहित बंडखोर लागतो. पोलिसांकडे जावे तर पोलीस शत्रूचे. वस्तीकडे जावे तर वस्तीने तिला त्याची रखेल ठरवून टाकलेले. पीडितांच्या वस्तीतही सत्ता असते, हे बर्न्स निर्भयपणे लिहितात. आमच्या शिबिरांत असा प्रश्न निघाला की ‘आधी बाहेरचा शत्रू’ हे उत्तर ठरलेले असते. मीही ते दिलेले आहे.

पण माझी तक्रार आहे. भांडणाच्या मुळाशी असलेली घरे, नोकऱ्या, मते कादंबरीत फारशी दिसत नाहीत. परका वाचक म्हणेल, काय ही धर्मवेडी माणसे! वस्तुस्थिती अशी, की तेथे स्थानिक निवडणुकीत मत घरपट्टी भरणाऱ्याला होते. म्हणून घर देणे म्हणजे मत देणे. जून १९६८ मध्ये कॅलेडन गावी कॅथलिक कुटुंबे घराविना असताना एका अविवाहित प्रॉटेस्टंट तरुणीला सरकारी घर मिळाले. आमदार ऑस्टिन करी निषेध म्हणून त्या घरात घुसून बसले. ५ ऑक्टोबरला डेरीच्या मोर्चावर लाठ्या पडल्या. त्या चळवळीने अमेरिकेतल्या काळ्यांची गाणी उचलली. १९७२ साली आपल्या पँथरने त्यांच्याकडूनच नाव घेतले. हा धागा हाती असता तर कादंबरी अधिक खोल गेली असती.

तरी त्यातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. काही बायका परसातल्या शेडमध्ये जमून बायकांचे प्रश्न बोलतात. वस्ती हसते, बंडखोरांना हेरगिरीचा संशय येतो, आणि जुन्या वळणाच्या बायाच त्यांना वाचवतात. ती पाने मी अभ्यासमंडळात मराठीत करून वाचली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते मध्येच उठून गेले. दोन मुलींनी पुस्तक मागून नेले. अजून परत आलेले नाही.