हंबनटोटा आणि माझ्या सिनॉप्सिसमधलं एक वाक्य

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर एक वाक्य होतं: श्रीलंकेला चीनचं कर्ज फेडता आलं नाही, म्हणून चीनने हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी ताब्यात घेतलं. खाली तीन संदर्भही होते. समितीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, "कोणतं कर्ज थकलं होतं? कोणत्या वर्षी?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन तिन्ही संदर्भ नीट वाचले, तर पहिले दोन तिसऱ्याचाच हवाला देत होते आणि तिसरा होता वर्तमानपत्रातला एक लेख. म्हणजे तीन संदर्भ दिसत होते, पण पुरावा एकच होता, तोही ऐकीव.

मी मूळची भूगोलाची, एम.एस्सी. केलेली. प्रयोगशाळेत कुणी असा डेटा आणला असता तर मी लगेच हरकत घेतली असती. पण विषय 'भारत, चीन आणि शेजारी देश' असला की आपण सगळेच जरा सैल होतो, कारण गोष्ट आधीच ठाऊक आहे असं वाटतं. पीएच.डी.साठी हा विषय घेऊ पाहणारे तुमच्यात बरेच जण असतील, म्हणून या एका बंदरावरच्या लिखाणाची ही चिकित्सा.

आधी घटनाक्रम. हंबनटोटाला बंदर हवं ही कल्पना चीनची नव्हती. २००३ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने आणि २००६ मध्ये रॅम्बोल या डॅनिश कंपनीने त्याचे व्यवहार्यता अहवाल दिले होते. महिंदा राजपक्षे यांचा तो जिल्हा. हा प्रकल्प आधी भारताला देऊ केला होता, असं त्यांनी स्वतः नंतर सांगितलं. २००७ मध्ये चीनच्या एक्झिम बँकेने पहिल्या टप्प्यासाठी ३० कोटी ७० लाख डॉलरचं कर्ज दिलं, व्याज ६.३ टक्के. बंदर २०१० मध्ये सुरू झालं, पण जहाजं पुरेशी आली नाहीत. २०१५ मध्ये राजपक्षे निवडणूक हरले. २०१७ मध्ये नव्या सरकारने बंदराचा सुमारे ७० टक्के हिस्सा 'चायना मर्चंट्स पोर्ट' या कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला आणि त्या बदल्यात ११२ कोटी डॉलर घेतले.

आता मॅडमचा प्रश्न. २०१७ मध्ये बंदराचं कर्ज बुडालेलं नव्हतं. मिळालेल्या डॉलरनी ते फेडलंही गेलं नाही, ते श्रीलंका सरकारच्याच डोक्यावर राहिलं. डॉलर गेले परकीय गंगाजळीत. कारण देशाची मोठी अडचण वेगळीच होती. २००७ पासून श्रीलंकेने आंतरराष्ट्रीय बाजारात रोखे विकून कर्ज उभारलं होतं आणि त्यांच्या परतफेडीसाठी डॉलर लागत होते. देशाने परकीय कर्ज फेडणं थांबवलं ते एप्रिल २०२२ मध्ये, भाडेपट्ट्यानंतर पाच वर्षांनी. माझ्या वाक्यातला 'म्हणून' हा शब्दच चुकीचा होता.

'कर्जाचा सापळा' हा शब्दप्रयोग २०१७ च्या सुरुवातीला ब्रह्मा चेलानी यांच्या लेखामुळे गाजला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या मोठ्या वृत्तांताने हंबनटोटा हे त्याचं ठरलेलं उदाहरण करून टाकलं. मग उलटी बाजू आली. २०२० मध्ये चॅटम हाउसचा निबंध आणि २०२१ मध्ये डेबोरा ब्राउटिगम आणि मेग रिथमायर यांचा 'द अटलांटिक'मधला लेख आला. दोन्हींचा निष्कर्ष होता की सापळा ही दंतकथा आहे.

मी लगेच या बाजूला उडी मारली. तीही घाईच होती. श्रीलंकेच्या परकीय कर्जात चीनचा वाटा जेमतेम १० टक्के, हा आकडा तेव्हा सगळीकडे फिरत होता. २०२२ च्या अखेरीस उमेश मोरामुदली आणि तिलिना पांडुवावाला या श्रीलंकेच्याच दोन अभ्यासकांनी कर्जांची यादी मुळापासून लावली. सरकारी महामंडळांच्या नावावरची कर्जं आणि इतर रकान्यांत गेलेली चिनी बँकांची कर्जं त्यांनी धरली, तेव्हा २०२१ अखेरचा वाटा जवळपास २० टक्के निघाला. म्हणजे दुप्पट! तरीही 'सापळा' सिद्ध होत नाही. पण 'चीनचं कर्ज किरकोळ' हेही टिकत नाही. छेदात काय धरलंय आणि अंशात काय सुटलंय, हे पाहिल्याशिवाय टक्केवारी वापरायची नाही, हा आपला पहिला धडा.

माझी खरी तक्रार मात्र दोन्ही बाजूंच्या लिखाणाबद्दल आहे. चीनने फसवलं की नाही, याच प्रश्नाभोवती दोघं फिरतात. 'दंतकथा' म्हणणाऱ्यांनी निदान कोलंबोतल्या राजकारण्यांकडे बोट दाखवलं. पण बंदर हातून गेलं नाही म्हणजे प्रभावही नाही, असं थोडंच आहे? ऑगस्ट २०२२ बघा. चीनचं 'युआन वांग ५' हे जहाज हंबनटोटाला येणार होतं. भारताने काळजी व्यक्त केली, श्रीलंकेने चीनला भेट पुढे ढकलायला सांगितलं आणि शेवटी १६ ऑगस्टला जहाज आलंच. पण २०२४ च्या सुरुवातीपासून त्याच श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदी केली. एकदा याचं ऐकलं, एकदा त्याचं. छोटा देश इथे प्यादं नाही, तोही पटावर खेळणारा आहे, फक्त त्याच्याकडे चाली कमी आहेत.

भारतावरचं लिखाण तर आणखी ढिलं. २०२२ च्या संकटात भारताने सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत केली. इंधन आणि औषधांसाठी पतपुरवठा केला, चलन अदलाबदल केली. आपले लेख याला 'मदत' म्हणतात आणि चीनच्या रकमेला 'कर्ज'. पण पतपुरवठाही फेडावाच लागतो. फरक आहेच: चीनचा पैसा मुख्यतः प्रकल्पांचा, भारताचा त्या वर्षी तातडीच्या आयातीचा. शिवाय नाणेनिधीला कर्ज-पुनर्रचनेची हमी आधी भारताने दिली, जानेवारी २०२३ मध्ये. मग तुलना करायची तर दर, मुदत, अटी आणि संकटातलं वागणं या चार रकान्यांत दोघांनाही बसवा. एकाला हेतूवरून आणि दुसऱ्याला कृतीवरून मोजलं, तर ती तुलना होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी नकाशावर बसल्यावरच लक्षात येते. कोलंबोतून होणारी मालाची अदलाबदल बहुतांशी भारताच्या मालाची आहे आणि तिथल्या एका मोठ्या टर्मिनलमध्ये ८५ टक्के हिस्सा त्याच चायना मर्चंट्सचा आहे. म्हणजे भारताचा माल चिनी भागीदारीच्या धक्क्यावरून जातो आणि श्रीलंका त्यावर कमावते. 'भारत विरुद्ध चीन' या दोन रकान्यांत हे कुठे लिहिणार?

आता माझं वाक्य असं आहे: "२०१७ मध्ये परकीय चलनाच्या टंचाईत श्रीलंकेच्या सरकारने तोट्यातलं बंदर भाडेपट्ट्याने दिलं, बंदराचं कर्ज मात्र कायम राहिलं." वाचायला फारसं थरारक नाही. पण आता कुणी "कोणतं कर्ज, कोणत्या वर्षी?" विचारलं तर उत्तर आहे.

तुमच्या सिनॉप्सिसमध्येही असं एखादं वाक्य असेल, सगळ्यांना माहीत असलेलं, म्हणून न तपासलेलं. त्यातला 'म्हणून' शोधा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारखा लिहा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.