षण्मुगी मामी आणि गोडबोलेबाई

घटस्फोटानंतर लेक दुरावलेला बाप बाईच्या वेशात तिचीच दाई होऊन सासरवाडीत शिरतो. 'अव्वै षण्मुगी' (१९९६) आणि कमल हासननं स्वतः दिग्दर्शित केलेला 'चाची ४२०' (१९९७) या एकाच थापेवर उभे आहेत. मूळ बीज 'मिसेस डाउटफायर'चं.

कुंभकोणमच्या मराठी घरांत तमिळ आणि मराठी दोन्ही कानांवर असतात, म्हणून इथं फरक चटकन जाणवतो. मामीचं सोंग मडिसारइतकंच अय्यर बोलीवर चालतं, आणि क्रेझी मोहन यांचे संवाद त्या बोलीला पुरेपूर राबवतात. हिंदीत मडिसारची नऊवारी झाली, मामीची लक्ष्मी गोडबोले. मराठी बाई म्हणजे सोज्वळपणाची हमी, असा हिशेब! मराठी मात्र लुगड्यापुरतीच उरली.

दोन्हीकडे नास्सरचा स्वयंपाकी भाव खाऊन जातो. मुसलमान असल्याचं कळू नये म्हणून तो मुका बनलाय. बापाला बोलून लपायचंय, याला गप्प बसून. या घरात नोकरी मिळते ती सोंगालाच, हे विनोदाच्या आडून किती बोचरं आहे!

बाईवर भाळणारा सासरा तमिळमध्ये जेमिनी गणेशन. पडद्यावरच्या जुन्या प्रेमवीराला ते शोभतंच. पण अमरीश पुरींचा खर्जातला आवाज लाजू लागतो, तेव्हा हिंदी सरस ठरतो.